मेलबर्नचे तीन गोल आणि आमच्या वस्तीतला पोरगा

वाचकहो, कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की आमच्या कचेरीतल्या कामाचा वेग थोडा मंदावतो, हे कबूल केलेले बरे. चार वाजता सामना असला की तीनपासूनच माणसे घड्याळाकडे बघू लागतात. कुणाला अचानक दाढदुखी होते, कुणाच्या सासूला दवाखान्यात न्यायचे असते. मग संध्याकाळी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर ती दाढ आणि ती सासू विसरून सगळे एकाच रांगेत शेंगदाणे खात बसलेले दिसतात. आम्हीही त्यातलेच एक. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ पोसावेत, पेठापेठांनी त्यावरून वर्षभर ईर्षा बाळगावी, विश्वचषक आला की ब्राझील आणि अर्जेंटिनाच्या नावाने गल्लीत पताका लागाव्यात, असे हे आपले गाव आहे.

या हंगामात आमच्या वस्तीतल्या एका पोराचे नाव झाले. त्याचे नाव आम्ही येथे देत नाही, कारण पोरगा अजून दहावीत आहे. वडील मार्केट यार्डात गुळाच्या रव्यांची हमाली करतात. आई चार घरची धुणीभांडी करते. पोरगा सेंटर फॉरवर्ड खेळतो. चेंडू पायाला लागला की समोरचा बचावपटू दोन पावले मागे सरतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. एका सामन्यात त्याने दोन गोल मारले आणि त्या रात्री वस्तीत फटाके वाजले.

दोनच दिवसांनी त्याची आई आमच्या दारात. आत या म्हटले तरी उंबऱ्यातच उभी राहिली.

"भाऊजी, तुमीच सांगा की त्याला. दहावीला बसत न्हाई म्हणतोय. बाहेरगावच्या कुठल्या ॲकॅडमीत जाणार म्हणतोय. ह्यांनी हात उगारला तर जेवलाच न्हाई रात्री."

आम्ही पोराला बोलावून घेतले. तो आला, मान खाली घालून बसला, पण उत्तर तयार होते. "काका, दहावी काय, पुढल्या वर्षीबी देता येतीय. सिलेक्शनचं वय पुढल्या वर्षी ऱ्हाईल का?"

खरे सांगतो, या प्रश्नाचे उत्तर आम्हाला चटकन देता आले नाही. पोराचे म्हणणे खोटे नव्हते. खेळाडूचे वय थांबत नाही. आम्ही विषय बदलावा म्हणून त्याला विचारले, "आपल्या देशाचे मोठे स्ट्रायकर कोण?" तो म्हणाला, "सुनील छेत्री." त्याआधी? "बायचुंग भुतिया." त्याआधी? पोरगा गप्प. आम्ही म्हटले, "नेव्हिल डिसोझा हे नाव ऐकले आहेस? आपल्या मुंबईचा खेळाडू." त्याने नकारार्थी मान हलवली. शेजारी बसलेल्या त्याच्या मित्रांनीही हलवली. मग लक्षात आले की स्टेडियमच्या पायऱ्यांवर आमच्या बरोबर बसणाऱ्या जाणत्या मंडळींपैकीही फार थोड्यांना हे नाव ठाऊक असेल. म्हणून त्या पोराला जे सांगितले तेच आज या सदरात लिहीत आहोत.

नेव्हिल डिसोझा यांचा जन्म 1932 सालचा. घराणे मूळचे गोव्याचे, खेळ बहरला तो मुंबईत. त्या काळी मुंबईचा फुटबॉल म्हणजे कुपरेज मैदान, रोव्हर्स कप आणि कंपन्यांचे संघ. डिसोझा टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळले, कॅल्टेक्स या तेल कंपनीच्या संघाकडूनही खेळले. जागा सेंटर फॉरवर्डची. म्हणजे इतर दहा जणांनी घाम गाळून चेंडू पुढे आणायचा आणि याने तो जाळ्यात घालायचा. घातला तर टाळ्या याला, चुकला तर शिव्याही यालाच.

त्या वेळी भारताचा फुटबॉल कुठे होता, हे समजून घेतल्याशिवाय डिसोझा यांच्या कामगिरीचे मोल कळणार नाही. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते. 1952 साली हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने आपल्याला 10 विरुद्ध 1 असे हरवले. दहा गोल! थंडीचा देश, ओले मैदान, समोर बूट घातलेले धिप्पाड खेळाडू आणि आपली बरीच पोरे अनवाणी. त्या पराभवानंतर बुटांशिवाय चालणार नाही हे सगळ्यांना पटले. संघाचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. ते मूळचे शाळामास्तर. 2024 साली आलेला 'मैदान' हा हिंदी सिनेमा त्यांच्यावरच होता, तो पुष्कळांनी पाहिला असेल. या मास्तरांनी चार वर्षांत संघ नव्याने बांधला. संघात बंगालचे, हैदराबादचे, मद्रासचे, मुंबईचे असे सगळीकडचे खेळाडू होते. कर्णधार समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी. प्रदीपकुमार बॅनर्जी, पीटर थंगराज, तुळशीदास बलराम अशी एकाहून एक नावे. आणि पुढच्या फळीत मुंबईचा नेव्हिल डिसोझा.

1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये हंगेरीने माघार घेतल्याने पहिली फेरी आपण न खेळताच ओलांडली. 1 डिसेंबर 1956 रोजी उपउपांत्य सामना होता, तोही यजमान ऑस्ट्रेलियाशी. नवव्या मिनिटाला डिसोझा यांनी पहिला गोल केला. सतराव्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाने बरोबरी साधली. तेहेतिसाव्या मिनिटाला डिसोझांचा दुसरा गोल. मध्यंतराच्या आधी ऑस्ट्रेलियाची पुन्हा बरोबरी. दोनदा पुढे गेलो आणि दोनदा पकडले गेलो. अशा वेळी संघाची छाती दडपते, हे मैदानावरच्या कुठल्याही पोराला विचारा. पण मध्यंतरानंतर, पन्नासाव्या मिनिटाला डिसोझांनी तिसरा गोल घातला. दहा मिनिटे उरली असताना कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू यांनी चौथा घातला आणि भारत 4 विरुद्ध 2 असा जिंकला.

ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा पहिला आशियाई खेळाडू म्हणजे नेव्हिल डिसोझा. आणि ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचणारा पहिला आशियाई देश म्हणजे भारत.

4 डिसेंबरला उपांत्य सामना. समोर कोण, तर तोच युगोस्लाव्हिया, ज्याने चार वर्षांपूर्वी दहा गोल घातले होते. पूर्वार्धात एकही गोल झाला नाही. उत्तरार्ध सुरू झाल्यावर थोड्याच वेळात पहिला गोल झाला, तो भारताचा, आणि करणारा डिसोझाच. काही मिनिटे, अवघी काही मिनिटे, भारत ऑलिंपिकच्या अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावर उभा होता. मग युगोस्लाव्हियाने झपाट्याने बरोबरी केली, आघाडी घेतली आणि सामना 4 विरुद्ध 1 असा जिंकला. 7 डिसेंबरला तिसऱ्या क्रमांकासाठी बल्गेरियाशी लढत झाली. तीही आपण 3 विरुद्ध 0 अशी हरलो. भारताचा चौथा क्रमांक आला. त्या ऑलिंपिकमध्ये सर्वाधिक चार गोल करणारे खेळाडू तीन. एक युगोस्लाव्हियाचा, एक बल्गेरियाचा आणि तिसरा आपला नेव्हिल डिसोझा.

या तारखा वाचताना आमच्या वाचकांच्या मनात काय आले असेल, ते आम्ही ओळखतो. तारखांची टाचणे काढताना आमचाही हात तिथेच थांबला. 6 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. 7 डिसेंबरला मुंबईत दादरच्या चौपाटीवर लाखोंच्या जनसागराने त्यांना निरोप दिला. तिकडे मेलबर्नला भारताचा संघ तिसऱ्या क्रमांकासाठी खेळला तो याच तारखेला.

आमच्या वस्तीत एक ऐंशीच्या पुढचे आजोबा आहेत. त्यांना फुटबॉलचे भारी वेड, अजूनही नातवाचा हात धरून सामन्याला येतात. त्यांना आम्ही विचारले, "बाबा, छपन्न सालचे ते गोल तुम्ही तेव्हा ऐकले होते का?" आजोबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तवा मी तेरा-चौदा वर्साचा आसंन. त्या आठवड्यात आमच्या घरात चूल पेटली न्हवती. दुसरं काय ऐकू येणार हुतं आमाला?"

त्यांचे बरोबर आहे. त्या आठवड्यात आपल्या घरांना दुसरे काही ऐकू येणे शक्य नव्हते. पण सारा देश ते गोल विसरला, त्याचे कारण वेगळे आहे. विजेत्यांचे फोटो भिंतीवर लागतात, चौथ्या क्रमांकाचा लागत नाही. अर्जुन पुरस्कार 1961 साली सुरू झाले. त्या संघातल्या प्रदीपकुमार बॅनर्जी, बलराम, थंगराज यांना ते मिळाले. नेव्हिल डिसोझा यांचे नाव मात्र त्या यादीत नाही. कर्णधार बद्रू बॅनर्जी यांचेही नाही. डिसोझा 1980 साली वारले. वयाची पन्नाशीही त्यांनी पाहिली नाही.

इथवर ऐकून आमचा पोरगा म्हणाला, "काका, मग खेळून काय उपयोग झाला त्यांना?"

हा खरा प्रश्न. आमचे शिक्षण बी.कॉम. आणि काम कारकुनाचे. त्यामुळे कुठल्याही गोष्टीचा जमाखर्च मांडायची आम्हाला खोड आहे. तर या प्रश्नाचाही मांडून बघू.

त्या पिढीतले खेळाडू आजच्यासारखे करोडोंचे करार करीत नव्हते. मग ते जगत कसे होते? तर कंपन्या, रेल्वे, गिरण्या, बंदर, पोलीस यांचे संघ होते. खेळणाऱ्या पोराला तिथे नोकरी मिळे. प्रदीपकुमार बॅनर्जी एवढे मोठे खेळाडू, पण मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या बड्या क्लबांकडे न जाता वर्षानुवर्षे पूर्व रेल्वेच्या संघातून खेळले, कारण रेल्वेत नोकरी होती आणि मागे घर चालवायचे होते. मुंबईतही टाटा, कॅल्टेक्स, पश्चिम रेल्वे, पुढे मफतलाल, ऑर्के मिल्स, आरसीएफ, महिंद्र असे संघ झाले. कॅल्टेक्सने 1958 साली रोव्हर्स कप जिंकला. म्हणजे एका बाजूला गोल आणि दुसऱ्या बाजूला महिन्याचा पगार, अशी ती व्यवस्था होती. पाय मोडला, वय झाले, तरी टेबलाशी खुर्ची असे. श्रीमंतीची व्यवस्था नव्हती, पण गरिबाच्या पोराला खेळू देणारी होती.

ती व्यवस्था आपल्या डोळ्यांदेखत मोडली. सत्तरच्या दशकात सरकारने कॅल्टेक्स ताब्यात घेतली आणि 1978 साली ती हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाली. गिरण्या बंद पडल्या, तसे गिरण्यांचे संघही गेले. 1891 साली सुरू झालेली रोव्हर्स कप स्पर्धा 2001 च्या सुमारास थांबली. महिंद्र युनायटेडने 2006 साली राष्ट्रीय लीग जिंकली आणि चारच वर्षांनी, 2010 साली, कंपनीने तो संघच बंद केला. जिंकणारा संघ बंद होऊ शकतो, ही गोष्ट आपल्या पोरांनी नीट ध्यानात ठेवावी. आता क्लब आहेत, करार आहेत, टीव्हीवर झगमगाट आहे. ज्याचे नशीब आणि पाय दोन्ही चांगले, त्याला पैसाही आहे. पण करार संपला की संपला. मागे टेबल नाही, खुर्ची नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, डिसोझांच्या काळी पोराची उद्याची भाकरी खेळाशी बांधलेली होती. आज ती तशी नाही. आज ती भाकरी पोराला स्वतःच बरोबर बांधून न्यावी लागते आणि तिचे नाव शिक्षण.

कुणी म्हणेल, फुटबॉल आणि अभ्यास दोन्ही एका वेळी कसे जमणार? त्यासाठी आम्ही त्या पोराला दूरदेशीच्या एका सेंटर फॉरवर्डची गोष्ट सांगितली. 1986 चा विश्वचषक मेक्सिकोत झाला. त्या वेळी दूरदर्शनवर मॅराडोना पाहून अर्धे कोल्हापूर वेडे झाले होते, असे आमचे थोरले सांगतात. त्या यजमान मेक्सिकोचा नामांकित स्ट्रायकर होता ह्यूगो सांचेझ. जन्म 1958 चा. मेक्सिको सिटीतल्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या 'पुमास' या संघाकडून तो खेळू लागला आणि त्याच विद्यापीठात दंतवैद्यकाचे शिक्षणही त्याने घेतले. गोल मारणारा हा माणूस शिकलेला दातांचा डॉक्टर होता! 1981 साली तो स्पेनला गेला. पहिल्यांदा ॲटलेटिको माद्रिद, मग रिआल माद्रिद. स्पेनच्या लीगमध्ये तो पाच वेळा सर्वाधिक गोल करणारा ठरला. 1989-90 च्या हंगामात त्याने लीगमध्ये 38 गोल मारले आणि ते सगळे एकाच स्पर्शात. चेंडू थांबवायचा नाही, घोळवायचा नाही, आला तसा जाळ्यात. गोल झाला की मैदानावर कोलांटउडी. पण त्याच 1986 च्या विश्वचषकात, आपल्या घरच्या प्रेक्षकांसमोर, पॅराग्वेविरुद्ध त्याची पेनल्टी हुकली होती, हेही पोराला सांगितले. एवढ्या मोठ्या खेळाडूचीही हुकते. फक्त हुकल्यावर उभे राहायला पायाखाली काहीतरी असावे लागते.

लांबचे कशाला, आपल्या कोल्हापूरचेच घ्या. 2017 साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. त्यात भारताच्या संघात पुढच्या फळीत आपला अनिकेत जाधव होता. वडील रिक्षाचालक. रिक्षाच्या मीटरवर घर चालवणाऱ्या बापाचे पोरगे विश्वचषकात खेळले. पुढे तो जमशेदपूर एफसीकडून खेळला. हा क्लब टाटांचा. म्हणजे पन्नासच्या दशकात नेव्हिल डिसोझा ज्या नावाचा शर्ट घालून कुपरेजवर धावले, त्या नावाच्या छत्राखाली साठ-पासष्ट वर्षांनी कोल्हापूरचा रिक्षावाल्याचा पोरगा धावला. वाट अरुंद झाली असली तरी अगदी बुजलेली नाही.

आता एक गोष्ट आमच्या पदरची सांगायची आहे. ती सांगताना मान खाली जाते, पण सांगणे भाग आहे.

दहा-बारा वर्षांपूर्वी वस्तीतला दुसरा एक पोरगा असाच गाजत होता. एका स्पर्धेत त्याला उत्कृष्ट खेळाडूचे बक्षीस मिळाले, तेव्हा मंडळाने समाजमंदिरात त्याचा सत्कार ठेवला. हार घालणारे आम्हीच. भाषण ठोकणारेही आम्हीच. पोराने वस्तीचे नाव काढले, असे म्हणून आम्ही टाळ्या मिळवल्या. त्याच महिन्यात त्याची बारावीची परीक्षा होती आणि तो पेपरला बसला नव्हता. हे आम्हाला ठाऊक नव्हते, कारण आम्ही विचारलेच नव्हते. पुढे दोन हंगाम तो इथे-तिथे बिदागीवर खेळला. मग गुडघा गेला. ऑपरेशनला पैसे नव्हते. नोकरीसाठी खेळाडूंच्या कोट्यातून अर्ज करायला निघाला, तर हाताशी ढिगाने चषक आणि ढाली, पण कागद एकही कामाचा नाही. स्थानिक स्पर्धांची ती बक्षिसे सरकारदरबारी चालत नाहीत. आज तो टेम्पोवर माल चढवण्या-उतरवण्याचे काम करतो. रस्त्यात भेटला की हसून हात करतो. त्याचे ते हसणे आम्हाला अजूनही लागते. ज्या दिवशी त्याला हार घातला, त्या दिवशी हॉल तिकीट दाखव म्हटले असते, तर कदाचित गोष्ट वेगळी झाली असती.

म्हणून आईबापांनी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात, अशी विनंती आहे.

पहिली, पोराला खेळू द्या. खेळतो म्हणून मारू नका. मैदानावर घाम गाळणारा पोरगा रात्री कट्ट्यावर गुटखा खात बसत नाही, हाही एक लाभच आहे. आणि खेळणारी मुलगी असेल तर तिलाही हेच सगळे लागू आहे, तिचे बूट आधी घ्या.

दुसरी, राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. पण त्यासाठी मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेतले ठरावीक स्तरावरचे यश लागते आणि प्रमाणपत्राची क्रीडा विभागाकडून पडताळणी व्हावी लागते. शिवाय त्या पदाला जे शिक्षण लागते, ते लागतेच. दहावी नाही, बारावी नाही, तर नुसत्या गोलांवर अर्ज पुढे सरकत नाही. नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात स्वतः जाऊन विचारावे. तिथे जायला ओळख लागत नाही.

तिसरी, शाळेच्या संघातून खेळायला पोराला भाग पाडा. गल्लीच्या स्पर्धेत हजारोंच्या टाळ्या मिळतात आणि शालेय स्पर्धेला चार पंच आणि दोन मास्तर असतात, हे खरे. पण कागद शालेय स्पर्धेतूनच तयार होतो. जिल्हा, विभाग, राज्य अशी ती पायरी असते. ठरावीक स्तरावर खेळलेल्या मुलांना दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलतीचे क्रीडा गुणही मिळतात. प्रत्येक प्रमाणपत्राच्या प्रती काढून प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये ठेवा. ढाल कपाटावर ठेवली तरी चालेल, पण कागद कपाटात हवा.

चौथी, कुणी ॲकॅडमी म्हणून बोलावले तर पहिला प्रश्न विचारा, तिथे शाळा आहे का? राहणे, जेवण, खेळ सगळे सांगतील. शाळेचे विचारले की कोण काय बोलते, त्यावरून त्या जागेची पारख होते. पुण्याच्या बालेवाडीत शासनाची क्रीडा प्रबोधिनी आहे, तिथे खेळाबरोबर शिक्षणही चालते. अशा जागा आधी शोधाव्यात.

त्या रात्री आम्ही पोराच्या घरी गेलो. पोराचे वडील यार्डातून नुकतेच आले होते, खांद्यावरचे पोते अजून तसेच होते. त्यांनी आजवर पोराचा एकही सामना पाहिला नव्हता. गुळाचा हंगाम आणि फुटबॉलचा हंगाम एकदमच येतो, काय करणार! आम्ही त्यांच्यासमोरच त्या ॲकॅडमीला फोन लावला आणि शाळेचे विचारले. पलीकडून उत्तर आले, "शाळेचं काय, बाहेरून फॉर्म भरता येतो की." आम्ही फोन ठेवला आणि पोराकडे पाहिले. तो काही बोलला नाही.

मग त्याचे वडील बोलले. हमाली करणारा माणूस, फार शब्द नसतात त्यांच्याकडे. म्हणाले, "त्यो मुंबईचा गडी, काय नाव त्याचं... डिसोझा. त्यानं दोनदा गोल मारला आन् दोनदा बरोबरी झाली, तर तिसरा मारलाच न्हवं? तुझी दहावी म्हंजे तिसरा गोल समज. त्यो मार, मग मी हाय."

आमच्या सगळ्या भाषणापेक्षा हे एक वाक्य भारी पडले.

तेव्हा ठरले ते असे. पोरगा सकाळी सहा ते आठ सराव करील. संध्याकाळी समाजमंदिरातल्या अभ्यासिकेत बसेल. निवड चाचण्या कुठे, कधी आहेत याची यादी शाळेचे क्रीडाशिक्षक काढून देतील. परीक्षेच्या तारखांशी टक्कर होणार नाही अशा चाचणीला आम्ही स्वतः त्याला घेऊन जाऊ. परीक्षा मात्र चुकवायची नाही. निवड होईलच अशी खात्री कुणी देऊ शकत नाही, आम्हीही देत नाही. गेल्या आठवड्यात शाळेची सराव परीक्षा झाली. विज्ञान, मराठी, इतिहास निघाले. गणितात अजून कच्चा आहे, काठावर आहे. कुणा वाचकाला संध्याकाळी तासभर गणित शिकवायला येणे जमत असेल तर अभ्यासिकेत यावे, चहा आमच्याकडून.

आणि परवाच्या रविवारी एक गोष्ट घडली. स्टेडियमच्या पायऱ्यांवर आम्ही नेहमीच्या जागी बसलो होतो. खालच्या रांगेत खांद्यावर पोते टाकलेला एक माणूस येऊन बसला. अर्धा दिवस खाडा करून तो आपल्या पोराचा खेळ बघायला आला होता. त्या दिवशी पोराला एकही गोल मारता आला नाही. दोनदा चेंडू खांबाला लागून परत आला. तरीही तो माणूस शेवटची शिट्टी होईपर्यंत उभाच होता.